गुन्हेगारीचा शिक्का : कायदा गेला, संशय उरला

अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरून मृत्यू झाला आणि पोलिसी वर्णभेदाची चर्चा जगभर सुरू झाली. ब्रिटनमध्ये ती त्याआधीच झाली होती. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाच्या तपासातील हलगर्जीची चौकशी करणाऱ्या मॅकफर्सन समितीने १९९९ मध्ये लंडनच्या पोलीस दलात 'संस्थात्मक वंशभेद' असल्याचा निष्कर्ष नोंदवला. एखादा अधिकारी दुष्ट असण्याची गरज नाही, व्यवस्थेच्या रोजच्या सवयींतूनच अन्याय होत राहतो, हा त्या शब्दाचा अर्थ. हे सारे आपल्यापासून फार दूरचे आहे, असे मराठी वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. मात्र जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणारा कायदा आपल्याच देशात ८१ वर्षे अस्तित्वात होता. तो रद्द झाल्यानंतरही त्याची छाया पोलीस ठाण्यातील नोंदवह्यांवर, तुरुंगाच्या नियमांवर आणि सामान्य माणसाच्या मनावर कशी रेंगाळत राहिली, हे समजून घेण्यासाठी पालघरसारखा जिल्हा पुरेसा आहे.

या जिल्ह्याच्या एका टोकाला तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प आणि बोईसरची औद्योगिक वसाहत आहे. देशातील अणुवीज १९६९ मध्ये सर्वप्रथम येथेच निर्माण झाली. दुसऱ्या टोकाला जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरीचे पाडे आहेत. वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी या आदिवासी जमातींची संख्या जिल्ह्याच्या लोकसंख्येत एक तृतीयांशाहून अधिक आहे. बोईसरच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेला कामगार राबतो. कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की उचल घेऊन वीटभट्ट्यांवर निघून जातात. कायमचा पत्ता, ओळखीचा जामीनदार आणि परिचयाचा वकील या तीन गोष्टी या दोन्ही वर्गांकडे नसतात. फौजदारी न्यायव्यवस्थेत नेमक्या याच तीन गोष्टींना सर्वाधिक मोल आहे.

'जमात' हाच गुन्हा

ब्रिटिश सरकारने १२ ऑक्टोबर १८७१ रोजी गुन्हेगार जमाती कायदा संमत केला. भारतात सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर होतो, तसा चोराचा मुलगा चोरच होणार, असा अजब तर्क त्यामागे होता. एखादी जमात सातत्याने गंभीर गुन्हे करते असे सरकारला वाटले, की तिला 'गुन्हेगार' म्हणून अधिसूचित करता येई. त्या अधिसूचनेला न्यायालयात आव्हान देण्याची सोय नव्हती. जमातीतील माणसांची नावे नोंदवली जात, त्यांना ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि गाव सोडताना परवाना घ्यावा लागे. प्रारंभी उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये नव्या स्वरूपात मुंबई इलाख्यातही लागू झाला. १९२४ मध्ये तो पुन्हा एकत्रित करण्यात आला.

सोलापूरची 'सेटलमेंट' ही या कायद्याची महाराष्ट्रातील सर्वांत ठळक खूण. तारेच्या कुंपणाआड कुटुंबेच्या कुटुंबे ठेवली गेली आणि त्यांचे श्रम गिरण्यांना उपलब्ध झाले. सुधारणा हा त्यामागचा जाहीर हेतू होता. मात्र कुंपणात जन्मलेल्या मुलाने कोणता गुन्हा केला होता, या प्रश्नाचे उत्तर त्या कायद्यात नव्हते.

बेरड, भामटा, कैकाडी, कंजारभाट, रामोशी, वडार, वाघरी, राजपारधी आदी अनेक समाज या यंत्रणेत भरडले गेले. कातकरी समाजावरही हा शिक्का बसला होता. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. इंग्रजांनी जंगले राखीव केली, फिरती शेती बंद पाडली आणि कात पाडण्याचा व्यवसाय हिरावला. पोटासाठी जंगलात शिरणे हाच अपराध ठरला आणि जगण्याचा मार्ग बंद करणाऱ्यांनीच मग त्यांना गुन्हेगार म्हटले. आज हाच समाज महाराष्ट्रातील अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक गणला जातो.

या जिल्ह्याला पोलिसी अन्यायाची आणखी एक आठवण आहे. वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली १९४५ मध्ये उठाव केला. त्या वर्षी ११ ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. जमीनदाराची तक्रार म्हणजे सत्य आणि वारल्याचा जमाव म्हणजे दंगल, हे समीकरण तेव्हाच्या प्रशासनात पक्के होते. त्याचे तपशील गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात मिळतात.

'गुन्हेगार जमाती' गेल्या, 'सराईत' आले

मुंबई प्रांताने १९४९ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला. अनंतशयनम अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर केंद्राने तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून हद्दपार केला. या जमाती 'विमुक्त' झाल्या. विमुक्त समाज हा दिवस आजही मुक्तिदिन म्हणून पाळतात. देशाच्या स्वातंत्र्यानंतर पाच वर्षे त्यांना वाट पाहावी लागली.

मुक्ती अपुरी होती. जमातीऐवजी व्यक्तीला लागू होणारे 'सराईत गुन्हेगार' कायदे राज्याराज्यांत करण्यात आले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा. तत्त्वतः हा बदल मोठा होता, कारण आता आधीची शिक्षा हा निकष ठरला. व्यवहारात मात्र सराईतांच्या यादीत नावे कोणाची जाणार हे ठरवणारी नजर जुनीच राहिली. ज्यांची नावे आधीपासून वहीत होती, त्यांच्याच वस्त्यांवर गस्त होत राहिली. गस्त जेथे अधिक तेथे अटकही अधिक, आणि अटक अधिक म्हणून ती वस्ती 'गुन्हेगार' ठरत राहिली.

कायद्याच्या भाषेतही हा वारसा सापडतो. १९२४ च्या कायद्यात नोंदणीकृत जमातीचा माणूस संशयास्पद स्थितीत आढळणे हाच शिक्षेस पात्र अपराध होता. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा. त्याचे कलम १२२ सूर्यास्त ते सूर्योदय या काळात संशयास्पद स्थितीत आढळणाऱ्यांविषयी आहे आणि 'चोर म्हणून ख्यात' असलेली व्यक्ती रस्त्यावर रेंगाळत असेल व समाधानकारक खुलासा देऊ शकत नसेल, तर तो गुन्हा आहे. यात कोणत्याही जातीचे नाव नाही. मात्र 'ख्याती' ठरवणार कोण, आणि खुलासा 'समाधानकारक' आहे की नाही हे सांगणार कोण? रात्रपाळी संपवून येणारा अधिकारी आणि पालात राहणारा पारधी एकाच रस्त्यावर, एकाच वेळी उभे असतील, तर कोणाचा खुलासा पटेल, हे सांगण्यास अभ्यासक लागत नाही.

तीच गोष्ट प्रतिबंधक कारवाईची. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ११० आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १२९ झाले आहे. त्यानुसार सराईत वाटणाऱ्या व्यक्तीकडून कार्यकारी दंडाधिकारी चांगल्या वर्तनाचे बंधपत्र घेऊ शकतो. पालघर जिल्ह्यात यातही एक गंमत आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय झाल्यापासून वसईच्या भागात असे अधिकार पोलीस अधिकारीच वापरू शकतात. बोईसर, डहाणूत ते महसूल अधिकाऱ्यांकडे आहेत. म्हणजे एकाच जिल्ह्यात एका भागात संशय घेणारा आणि बंधपत्र मागणारा हात एकाच खात्याचा, तर दुसऱ्या भागात दोन खात्यांचा.

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) वाचून मध्यमवर्गीय मराठी वाचक हादरला, साहित्य अकादमीने दोन्हींचा गौरव केला. पोलीस ठाण्याच्या वहीवर त्याचा परिणाम झाला काय, हा प्रश्न वेगळा. या समाजांसाठी नेमलेल्या दोन राष्ट्रीय आयोगांचे अध्यक्ष मराठीच होते : बाळकृष्ण रेणके आणि भिकू रामजी इदाते. रेणके आयोगाचा अहवाल २००८ मध्ये आला. पोलिसांच्या छळाचा मुद्दा या अहवालांत पुन्हा पुन्हा येतो. त्यांच्या शिफारशींची अंमलबजावणी मात्र अत्यंत तोकडी राहिली.

नाशिकचा खटला

जन्मावरून संशयाची सर्वाधिक किंमत किती असू शकते, याचे उत्तर नाशिक जिल्ह्यातील एका खटल्याने दिले. जून २००३ मध्ये तेथे एका शेतमजूर कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांची हत्या आणि बलात्कार अशी ती अत्यंत क्रूर घटना होती. सहा जणांना अटक झाली. सर्व जण भटक्या जमातीतील, हातावर पोट असलेले. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी ठोठावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम केली, तिघांची जन्मठेपेत बदलली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली.

पुढे पुनर्विलोकन अर्जांची नव्याने सुनावणी झाली आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. ए. के. सिकरी, न्या. एस. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शाह यांच्या खंडपीठाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळ्याच व्यक्तींना ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नाही, ही बाब न्यायालयाला निर्णायक वाटली. आरोपी समाजाच्या तळातील, अत्यंत गरीब आणि भटक्या जमातीचे असल्याने त्यांना खोटे गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असेही निकालपत्रात म्हटले आहे. राज्य शासनाने प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई द्यावी आणि दोषी तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करावी, असा आदेश झाला. तोवर १६ वर्षे गेली होती. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मधल्या काळात निष्पन्न झाले. आणि ज्या कुटुंबावर तो घाला पडला, त्याला न्याय मिळाला नाही, तो नाहीच. चुकीच्या माणसावर संशय घेतला जातो तेव्हा खरा गुन्हेगार निसटतो, हा या खटल्याचा दुसरा आणि कमी चर्चिला गेलेला भाग आहे.

गडचिंचले

संशयाचे राजकारण केवळ पोलिसांपुरते नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठेचून मारले. भिक्षा मागत फिरणारी ती माणसे मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातील होती. गावोगाव फिरणे हाच त्यांचा परंपरागत व्यवसाय आणि तोच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरला.

दोन वर्षांनी हेच चित्र पालघरने पाहिले. टाळेबंदीत चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा डहाणूच्या पूर्व भागात पसरल्या होत्या. १६ एप्रिल २०२० च्या रात्री गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने पोलिसांच्या उपस्थितीत हत्या केली. ही घटना कोणत्याही निकषाने निंदनीयच आहे. मात्र पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. सुरुवातीलाच शंभराहून अधिक आणि पुढे दोनशेच्या आसपास माणसे पकडली गेली. त्यांतील बहुसंख्य आदिवासी होते. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाने तपास करून जुलै २०२० मध्ये आरोपपत्रे दाखल केली. कासा पोलीस ठाण्यातील तीन पोलिसांना सेवेतून बडतर्फ करण्यात आले.

खटला ठाण्यात चालला. गडचिंचलेपासून ठाणे शंभर किलोमीटरहून दूर. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्याच्या विशेष न्यायालयाने ८९ जणांना जामीन दिला, तेव्हा अटकेला आठ-नऊ महिने उलटून गेले होते. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १८ अर्जांपैकी दहा मान्य केले आणि आठ फेटाळले. चित्रफितींत जो मारहाण करताना दिसतो तो आणि जो केवळ जमावात उभा होता तो, यांत न्यायालयाने फरक केला. एवढा साधा फरक करण्यास दोन वर्षे लागली. तो अटकेच्या दिवशी केला जाणे अपेक्षित असते. जमावाने केलेला गुन्हा असला तरी 'गाव दोषी' ही भाषा न्यायाची नाही. ती १८७१ च्या कायद्याच्या अगदी जवळ जाते.

आणखी एक विसंगती येथे नोंदवणे आवश्यक आहे. राईनपाड्यात मारले गेलेले भटके होते. ज्या पाड्यांवर अफवा खऱ्या मानल्या गेल्या, तेथील माणसे पोलीस वेळेवर येतील यावर विश्वास ठेवत नव्हती. पोलिसांवर अविश्वास असलेला दुर्बल समाज दुसऱ्या दुर्बलावर तुटून पडतो. पोलीस ठाण्याची दहशत आहे आणि आधार नाही, अशा स्थितीत अफवेला जागा मिळते.

तुरुंगाच्या भिंतीआड

तुरुंगातही जात आणि जमात पाठ सोडत नव्हती. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत सफाईचे काम ठरावीक जातींच्या कैद्यांकडे, तर स्वयंपाक उच्चवर्णीयांकडे सोपवण्याची तरतूद होती. काही नियमांत भटक्या वा विमुक्त जमातीचा असणे हेच 'सराईत' ठरवण्यास पुरेसे होते. मुंबईस्थित पत्रकार सुकन्या शांता यांनी याविरुद्ध याचिका केली. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आणि तीन महिन्यांत नियमावल्या सुधारण्याचा आदेश राज्यांना देण्यात आला. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये यासाठी पोलिसांनी अटकेसंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे काटेकोर पाळावीत, असेही न्यायालयाने बजावले.

त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या 'हिस्ट्रीशीट'कडे लक्ष वेधले. मागास आणि गरीब समाजांतील निरपराध व्यक्तींची नावे यांत यांत्रिकपणे नोंदवली जातात, हे मान्य करून न्यायालयाने सर्व राज्यांना आपली धोरणे तपासण्यास सांगितले. नोंदी ठेवणाऱ्यांनीच नोंदी तपासायच्या असल्याने त्यातून किती निष्पन्न होईल, याविषयी शंका आहे.

कोणता कायदा कोणाला

येथे महाराष्ट्रातील एक गुंता समजून घ्यावा लागतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यानुसार या समाजांतील व्यक्तीविरुद्ध खोटा खटला दाखल करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. वारली, कातकरी, फासेपारधी हे अनुसूचित जमातीत असल्याने त्यांना हे संरक्षण मिळते. मात्र महाराष्ट्राच्या 'विमुक्त जाती' यादीतील १४ समाजांना राज्यात तीन टक्के स्वतंत्र आरक्षण असले, तरी केंद्राच्या यादीत ते अनुसूचित नसल्याने त्यांना या कायद्याचे कवच नाही. फासेपारध्याला संरक्षण आहे, पालपारध्याला नाही. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातीत गणला जातो, उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातीत. म्हणजे नागपूरला जो गुन्हा अत्याचाराचा, तो सोलापूरला साधा. ज्यांच्यावर खोट्या खटल्यांचा इतिहासच लादला गेला, त्यांनाच खोट्या खटल्याविरुद्धचा कायदा लागू नसावा, यापेक्षा मोठी विसंगती शोधून सापडणार नाही.

अटक झाल्यावर काय

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी सरसकट अटक न करता कलम ३५ नुसार आधी नोटीस देऊन हजर राहण्यास सांगावे, हा नियम आहे. अटक केलीच तर कारणे सांगणे (कलम ४७), नातेवाइकाला कळवणे (कलम ४८) आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे (कलम ५८) बंधनकारक आहे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो. प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्येच दिला आहे.

यात सर्वांत नवी आणि पालघरसाठी विशेष महत्त्वाची भर नोव्हेंबर २०२५ ची. अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतील, किमान रिमांडच्या सुनावणीपूर्वी दोन तास आधी तरी, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. हा निकाल मुंबईच्या वरळीतील एका आलिशान मोटारीच्या अपघाताच्या खटल्यातून आला, हाही योगायोगच म्हणायचा. उत्तम वकील उभे करू शकणाऱ्याने मिळवलेला हा हक्क आता वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मजुरालाही आहे. पंचनामे आणि रिमांड अर्जांची ठोकळेबाज मराठी त्याच्या बोलीपासून पुष्कळ दूर असते आणि बोईसरच्या ओडिया कामगाराला तर ती परकीच.

जामिनाचा प्रश्न मात्र अजून पैशाशी आणि पत्त्याशी बांधलेला आहे. मध्य प्रदेशातील एका गरीब गवंड्याकडे दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीन मागितला आणि दुसऱ्या जिल्ह्यातील जामीनदार नाकारला, तेव्हा न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी १९७८ मध्ये ते बेकायदा ठरवले. त्याला जवळपास अर्धे शतक होत आले. देशातील तुरुंगांत आजही दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही. नव्या संहितेच्या कलम ४७९ नुसार पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने संभाव्य कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल तर त्याची बंधपत्रावर सुटका करावयाची आहे. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. एकापेक्षा अधिक खटले प्रलंबित असणाऱ्यालाही ती नाही, आणि ज्याचे नाव वहीत आधीपासून आहे त्याच्यावर सहसा एकापेक्षा अधिक खटले असतात.